मंडळाचा कॅन्सर मदतनिधी : ऑगस्ट ते फेब्रुवारीच्या नोंदी

बेळगावच्या पश्चिमेला, शहरापासून दहा-बारा किलोमीटरवरचं आमचं गाव. गणपती मंडळातल्या सात जणांनी हे काम हातात घेतलं. शेजारच्या दोन गावांतली पोरं "आम्हालाही करायचंय, कसं केलं सांगा" म्हणून विचारूलालेत, म्हणून वहीतल्या नोंदी इथं उतरवून काढतोय. रुग्णांची नावं घातलेली नाहीत. आकडे मात्र आहेत तसेच ठेवलेत.

४ ऑगस्ट २०२४, रविवार

मारुतीच्या देवळात बैठक. विषय एकच, आमच्या गल्लीतले गवंडी मिस्त्रीमामा. गालाच्या आत चट्टा पडलाय, तीन महिने झाले तरी भरत नाही. भाकरी दुधात भिजवून गिळतात. डॉक्टरांनी जुलैतच तुकडा काढून तपासायला सांगितलं होतं. मामा घरीच बसून राहिले. कारण विचारलं तर म्हणाले, "एकदा सुरू केलं की थांबतंय होय ते? घर विकायचं काय?"

ठरलं ते असं : यंदा मिरवणुकीला डॉल्बी नको, ते पैसे निधीला. पोरं भडकली. आमच्यातल्या आप्पांनी १९०५ साल काढलं. टिळकांनी बेळगावच्या झेंडा चौकात गणपती बसवला तो काय भिंती हादरवायला का, वगैरे. पोरांवर त्याचा काही परिणाम झाला नाही. शेवटी तडजोड झाली. डॉल्बीऐवजी ढोल-ताशा आणि वाचलेल्यातले २५,००० निधीला.

११ ऑगस्ट

पहिली चूक. खजिनदाराच्या किराणा दुकानाचाच क्यूआर कोड व्हॉट्सॲपवर टाकला. चार दिवसांत १४ जणांचे ९,१५० रुपये आले, पण ते साखर-शेंगदाण्याच्या पैशांत मिसळून गेले. कुठले ५०० देणगीचे आणि कुठले तेलाच्या डब्याचे, हे काढायला दोन संध्याकाळी गेल्या. तोवर कट्ट्यावर कुणीतरी बोललंच, "दुकान बरं चाललंय म्हणे." खजिनदार दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

मग मंडळाच्या नावानं खातं उघडायला गेलो. बँकेनं नोंदणीचा दाखला, ठरावाची प्रत आणि पॅन मागितलं. दाखल्याचं नूतनीकरण २०१९ पासून झालेलंच नव्हतं. या सगळ्यात २३ दिवस गेले. तुम्ही करणार असाल तर आधी हे करा, मगच लोकांपुढे हात पसरा. खात्यावर तिघांची नावं, त्यातल्या दोघांच्या सह्या लागतात.

२० ऑगस्ट

मामांच्या हातात रोख १०,००० दिले, मंडळाच्या शिल्लकेतून आगाऊ. फोटो काढला. तो काढायला नको होता. मामी पदर तोंडावर ओढून उभ्या होत्या ते नंतर बघितल्यावर कळलं. ग्रुपवरून काढून टाकला.

११ सप्टेंबर

गणपतीचा पाचवा दिवस. आरतीनंतर स्टेजवरून नावं पुकारली. माईक हातात असला की माणसाचं मन मोठं होतं. एकानं ५,००० म्हटलं की दुसरा ५,००१. तासाभरात ५१,००० जाहीर झाले, टाळ्या झाल्या.

हे पैसे गोळा करताना डिसेंबर उजाडला. आले २३,५००. उरलेल्यांच्या दारात आता जायचीही लाज वाटते, आणि त्यांनाही आम्हाला बघून रस्ता बदलावा लागतो. पुढच्या वर्षी नाव पुकारायचं ते पावती फाडल्यावरच.

१८ सप्टेंबर

काल विसर्जन झालं, आज दानपेटी फोडली. १८,३४० रुपये. दहाच्या नोटाच जास्त. एक गोव्याच्या कसिनोतलं नाणंही निघालं.

संध्याकाळी मामांच्या घरी गेलो. तपासणी झालेलीच नव्हती. दहा हजार भिशीत गेले. मामी म्हणाल्या, "भिशीचे थकलेले तीन हप्ते दारात येऊन मागूलालेत, मग काय करायचं?" आमच्यातला एक जण चिडला. मला मात्र मामींचं चुकलं असं वाटलं नाही. आम्ही पैसे दिले, पण काय खर्च येणार आहे हे आम्हालाच ठाऊक नव्हतं. घरात आजार आला तरी भिशीवाला थांबत नाही.

त्या रात्री नियम केला : रोख कुणाच्याही हातात द्यायची नाही. बिल जिथलं, पैसे तिथं. आणि रुग्णाबरोबर आमच्यातला एक जण जायचा.

२३ सप्टेंबर

मी स्वतः मामांबरोबर गेलो. डॉक्टरांनी बोटं आडवी धरून दाखवलं. स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून तोंडात गेली पाहिजेत. मामांची दीड गेली. तुकडा काढला, स्कॅन झाला. दोन्ही मिळून ९,८०० खात्यावरून भरले.

इथं एक गोष्ट कळली, ती आधी कळली असती तर सहा आठवडे वाचले असते. मामांचं बीपीएल (दारिद्र्यरेषेखालचं) कार्ड आहे. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत अशा कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. म्हणजे ज्या ऑपरेशनच्या भीतीनं मामा घरी बसले होते, ते योजनेत बसणारं होतं. खिशातून गेले ते त्याआधीच्या तपासण्यांचे, निदान पक्कं होईपर्यंतचे. माणूस अडकतो तो इथंच. (एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेवरच्या कार्डवाल्यांना पॅकेजच्या, म्हणजे योजनेत ठरलेल्या उपचारखर्चाच्या ३० टक्केच मिळतात. आम्ही सुरुवातीला सगळ्यांना पाच लाख सांगत सुटलो होतो.)

५ ऑक्टोबर

रिपोर्ट आला. कॅन्सरच. मामा शांत होते, त्यांना तो आधीच कळला असावा.

उपचाराला सरळ हुबळीचा दवाखाना गाठायचा नसतो, हेही आज शिकलो. मोठ्या उपचाराला आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं. ते न घेता गेलो, काउंटरवरून परत पाठवलं. शंभर किलोमीटर जाऊन शंभर परत. त्यात दसरा आला, आठवडा गेला.

गावातल्या निम्म्या लोकांचं म्हणणं मिरज किंवा कोल्हापूरला न्या, तिथं आपली भाषा. खरं आहे. माझी स्वतःची आत्याही मिरजेलाच गेली होती. पण महाराष्ट्राच्या महात्मा फुले योजनेला तिकडचं रेशनकार्ड लागतं. २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना ती योजना द्यायचा निर्णय महाराष्ट्र सरकारनं घेतला, त्यावरून इकडे केवढा गदारोळ झाला ते सगळ्यांना माहीत आहे. आमचा सल्ला एवढाच : निघण्याआधी त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) फोन करून कार्ड चालतं का ते विचारा. तिकडून होय आलं तरच बसमध्ये बसा.

आम्ही हुबळी धरली. फॉर्म कन्नडमधून भरायला आमच्यातला कन्नड मिडियमला शिकलेला पोरगा बरोबर. इतकी वर्षं त्याला चिडवत होतो, आता तोच लागतो.

१३ ऑक्टोबर

निपाणीहून फोन. आमच्या गावचे जावई, तंबाखूची वखार आहे. ११,००० देतो म्हणाले. बैठकीत दोन तास भांडण. माझं मत घ्या असं होतं. तिथं बायका पिढ्यान् पिढ्या विड्या वळतात, त्यांच्याही घरात हे दुखणं आहे, आणि पैशाला वास नसतो. आप्पांचं म्हणणं, शिबिरात तंबाखू सोडा सांगायचं आणि पावतीवर वखारीचं नाव? मतदान झालं, पाच विरुद्ध दोन. नाही घेतले. मला अजूनही ते पटलेलं नाही.

२७ ऑक्टोबर

मामांचं ऑपरेशन २२ तारखेला झालं. गालाचा भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या.

इकडे दिवाळी फराळाचा उद्योग पार फसला. चकली-चिवड्याचे दर आम्ही ऑगस्टमध्ये ठरवून ऑर्डर घेतल्या. १४ सप्टेंबरला खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढलं आणि डबा कुठल्या कुठे गेला. खर्च १४,२००, विक्री १३,६५०. बायकांनी चार रात्री चुलीपुढे काढल्या आणि निधीतून ५५० गेले. ऑर्डर घेताना "तेलाच्या दरानुसार" एवढे दोन शब्द लिहायचे राहिले.

रद्दीनं मात्र हात दिला. ४१० किलो, १३ रुपयांनी ५,३३०. टेंपोचे ९०० वजा जाता ४,४३०. त्यात जळायला काही नव्हतं.

२४ नोव्हेंबर

तोंडाच्या तपासणीचं शिबिर. डेंटल कॉलेजच्या मुलांनी आधी १ नोव्हेंबर सुचवली होती. त्यांना काय माहीत. इकडे कर्नाटक राज्योत्सव, इकडे सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन, आणि यंदा त्याच दिवशी लक्ष्मीपूजन. म्हणून २४ घेतली, तर ऐन सुगी. सगळं गाव भात कापायला शिवारात. मांडव, शंभर खुर्च्या, चहा, ३,७०० रुपये. माणसं आली १९, त्यातले सहा आमचेच.

फ्लेक्सचीही गंमत. १,८०० चा फक्त मराठीतला छापला. एका कार्यालयातून फोन आला, उतरवा. दुसरा छापला, वर कन्नड, खाली मराठी, २,६००. राग आला होता. पण गावच्या पलीकडच्या वस्तीत कन्नड घरं आहेत, ती आली ती दुसऱ्या फ्लेक्सनंतरच, हेही लिहून ठेवतो.

३० नोव्हेंबर

पुन्हा तपासणी, या वेळी मांडव नाही. दूध डेअरीच्या ओट्यावर, सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी परत. घागर-किटली घेऊन लोक येतातच, रांगेत उभे असतातच. खर्च १,१५०, त्यात टॉर्च, हातमोजे, लाकडी पट्ट्या. ११२ जणांची तोंडं बघून झाली.

सकाळच्या फेरीत एक गोष्ट खटकली. फॉर्मवर प्रश्न होता, "तंबाखू खाता का?" एकूण एक बाई "नाही". पण दातांवर काळी रेघ. आशाताई हसल्या. म्हणाल्या, "खात नाहीतच त्या. मशेरी लावतात." तव्यावर भाजलेली तंबाखू, बारीक करून बोटानं दातांना. ती तंबाखूत धरतच नाहीत, ते दातांचं औषध! संध्याकाळी प्रश्न बदलला : "दात कशानं घासता?" ३८ बायकांपैकी २१ जणींनी मशेरी सांगितली. एका आजीनं कनवटीची डबी काढून डॉक्टर मुलीच्या हातात दिली, "बघ की, चांगली आहे, घे."

गड्यांचं वेगळं. गुटखा कर्नाटकात २०१३ पासून बंद आहे. पानपट्टीवर मसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची एक पुडी, दोन्ही एका हातात देतात. तळहातावर मिसळायला जेवढा वेळ लागतो तेवढीच बंदी.

नऊ जणांच्या तोंडात पांढरे चट्टे किंवा तोंड कमी उघडणं. दोघांना तुकडा काढून तपासायला सांगितलं.

२ डिसेंबर

मामांचं रेडिएशन आज सुरू. सोमवार ते शुक्रवार, एकूण ३०. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू करायला सांगितलं होतं, आम्ही एक दिवस राखून पोचलो. उशीर दातांमुळे झाला. रेडिएशनच्या आधी किडके दात काढून जखम भरू द्यावी लागते, नंतर काढले तर जबडा न भरण्याचा धोका असतो. तीन दात काढायचे होते, हे आम्हाला टाके काढल्यावर कळलं. पहिल्याच भेटीत "दात दाखवायचेत का" असं विचारा. खर्च १,२००.

रोज जाऊन-येऊन करणं शक्य नव्हतं. हुबळीत खोली घेतली, ४,००० महिना, काम सहा आठवड्यांचं पण भाडं दोन महिन्यांचं. मामींना शक्ती योजनेत बस फुकट, मामांचं तिकीट आम्ही काढतो. मामी गमतीनं म्हणतात, आजारी मी पडले असते तर स्वस्तात झालं असतं.

९ डिसेंबर

वरच्या गल्लीतल्या एका वहिनींना परळच्या टाटा हॉस्पिटलात फेरतपासणीला जायचं आहे. कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री टायर एसीला भाडं माफ, सोबतच्याला त्या वर्गांत ७५ टक्के सवलत. दोन वर्षं त्या पूर्ण तिकीट काढून जात होत्या! मोबाइलवर ही सवलत मिळत नाही, खिडकीवरच. गेलो, तर फॉर्मवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नाही म्हणून परत. दुसऱ्या खेपेला मिळालं. हा फॉर्म दवाखान्यातून निघतानाच नीट भरून घ्यायचा, शिक्का आणि क्रमांक दोन्ही बघायचे.

२९ डिसेंबर

हिशोबाची बैठक. पुणे-गोव्यातल्या आमच्या पोरांकडून २१,७०० आले. एक जण ८०-जी (देणगीवर आयकरात सूट मिळणारी पावती) मागत होता, आमच्याकडे नाही, सरळ सांगितलं. त्यानं निम्मे पाठवले. दुबईतल्या एकाच्या पैशांवरून "परदेशी पैसा, एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) लागेल" अशी भीती कुणीतरी घातली. पासपोर्ट भारतीय असेल तर ते परदेशी योगदान धरत नाहीत, हे सीएकडून विचारून घेतलं.

बायकांच्या शिबिराची तारीख याच आठवड्यात ठरवायची होती. पण १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाच्या शताब्दीनं शहरात एक खुर्ची शिल्लक ठेवली नव्हती.

१४ जानेवारी २०२५, संक्रांत

मामा काल घरी आले. नाताळची एक सुट्टी आड आली म्हणून तिसावी बैठक सोमवारी १३ ला झाली. खोली ८,०००, दोघांचं जेवणखाण ७,०००, प्रवास २,६४०. मशीनखाली चेहरा हलू नये म्हणून केलेला पांढरा जाळीचा मुखवटा त्यांनी बरोबर आणला. हुबेहूब मामांचा चेहरा, नाकाचं वाकडेपण धरून. नातवानं तो लावून गल्लीभर सगळ्यांना घाबरवलं. आता दाराआड खिळ्याला, ओळंब्याशेजारी टांगलेला आहे.

तिळगूळ मामांना चावत नाही. मामींनी दुधात विरघळवून दिला.

४ फेब्रुवारी, रथसप्तमी

आज जागतिक कॅन्सर दिनही. कॅलेंडरात दोन्ही एका तारखेला दिसलं ते आशाताईंना, आम्हा सातांपैकी कुणाला नाही.

डिसेंबरात "गर्भाशयमुख कर्करोग तपासणी" अशी चिठ्ठी घरोघर वाटली होती, ११ बायकांनी नावं दिली. गावात हा शब्द कुणी तोंडात घेत नाही, "वाईट दुखणं" म्हणतात. या वेळी आशाताईंनी फक्त "हळदीकुंकू, सोबत बायकांची तपासणी, डॉक्टर बाईच आहेत" असं सांगितलं. ८४ आल्या.

मराठी शाळेच्या दोन वर्गांत पडदे लावले. तपासणी साधी. पातळ ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरं झालं तर पुढे पाठवायचं. पांढरं म्हणजे कॅन्सर नव्हे, हे डॉक्टरांनी प्रत्येकीला वेगळं सांगितलं. पहिला अर्धा तास कुणी आत जाईना. मग सत्तरीच्या एक काकू उठल्या. त्या वयाच्या बाईची ही तपासणी करत नाहीत. "न्हाई केली तर न्हाई, आत काय आहे ते तर बघून येते," म्हणत आत गेल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "काही न्हाई गं, बाळंतपणापेक्षा सोपं." मग रांग लागली.

६१ जणींची झाली. काहींची पाळी होती, त्यांना पुढची तारीख दिली. हे आधी सांगायला हवं होतं. चौघींना पुढे पाठवलं. एकीच्या छातीत गाठ लागली. तिला तीन वर्षं माहीत होती. पडदे, टेबलं, वाण, तिळगूळ मिळून ६,३००. वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे दिले, त्यावरून एकीला झाकण नसलेला गेला म्हणून अजून ऐकतोय.

१६ फेब्रुवारी

गाठीवाल्या ताईंची मॅमोग्राफी आणि सुईची तपासणी झाली, ५,२००. रेफरल पत्र या वेळी त्याच दिवशी घेतलं. योजनेसाठी हुबळीलाच जायची गरज नाही. ३ जानेवारीला बेळगावात राष्ट्रपतींच्या हस्ते केएलई संस्थेच्या कॅन्सर हॉस्पिटलचं उद्घाटन झालं, तिथं आणि आणखी एका ठिकाणी कार्डाची चौकशी केली आहे. उत्तर आलं की ठरवू.

चौघींपैकी तिघींचं काही नाही. चौथीचा रिपोर्ट यायचाय.

जमा १,०१,५७०. खर्च ५९,३९०. शिल्लक ४२,१८०. जमेत फराळाचा तोटा वजा धरला आहे. कागद देवळाच्या फळ्यावर लावला, झाकण नसलेल्या डब्यासकट.

२३ फेब्रुवारी

डेअरीवर सापडलेल्या दोघांपैकी एक जण तपासून आला, साधा चट्टा, तंबाखू सोडायला सांगितलं. दुसरा तीन महिने झाले तरी गेलेला नाही. ट्रॅक्टर ड्रायव्हर, वय पस्तीस. मी दोनदा गेलो, आप्पा एकदा. "सुगी होऊ दे", मग "ऊस जाऊ दे".

आज संध्याकाळी मामा म्हणाले, मी जातो. बोलणं अजून नीट कळत नाही, मामींना सांगावं लागतं. मामी येते म्हणाल्या, तर नको म्हणाले. खिळ्यावरचा मुखवटा काढला, बाजाराच्या पिशवीत घातला आणि एकटेच निघाले. अर्ध्या तासानं परत आले. पिशवी रिकामी.

"मुखवटा कुठाय?"

"ठेवून आलो त्याच्याकडं. उद्या सहाच्या बसला घेऊन ये म्हटलंय."